दिनकर अधिक दोन बोटं

दिनकररावांना मोटारसायकल चालवता येत नाही, हे पूर्णेत सगळ्यांना माहीत आहे. मातीवरच्या शर्यतींत धुरळा उडवत पळणाऱ्या कितीतरी मोटारसायकली दिनकररावांच्या अंगावर बेतलेल्या आहेत, हे मात्र पूर्णेत फारसं कुणाला माहीत नाही. दिनकररावांना दोन्ही गोष्टी माहीत होत्या. पहिल्या गोष्टीची लाज दुसरीच्या अभिमानाखाली झाकत त्यांची आजवरची हयात बरी गेली होती.

त्यांचे वडील वैजीनाथ, म्हणजे घरातले आप्पा, हे रेल्वेत फिटर. नोकरीत असतानाच त्यांनी घरामागं पत्र्याचं शेड टाकलं, वेल्डिंगचं मशीन मांडलं आणि ट्रॉल्यांचे हूक, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड असली कामं सुरू केली. एकदा नांदेडकडचा एक शर्यतवाला मोडलेली फ्रेम घेऊन आला. वैजीनाथांनी ती अशी जोडून दिली की पुढं त्या गाडीचं बाकीचं सगळं मोडलं, पण जोड काही मोडला नाही. तो शर्यतवाला दुसऱ्याला सांगता झाला, दुसरा तिसऱ्याला. होता होता हूक आणि स्टँड मागं पडले आणि शेडमध्ये फक्त शर्यतीच्या गाड्यांच्या फ्रेमा, फूटरेस्ट, हँडल आणि ब्रेकची पायडलं बनायला लागली. धाकटा मुलगा महारुद्र वडिलांच्या हाताखाली तयार झाला. थोरला दिनकर बी.कॉम. झाला, आणि परभणीच्या एका कार्यालयात हिशेब विभागात चिकटला. घरात एक शिकलेला माणूस आहे, तो धंद्याच्या उपयोगी पडेल, असं सगळ्यांना वाटत होतं. तसा तो पडलाही. फक्त त्यात त्याच्या शिक्षणाचा काही संबंध आला नाही.

त्याचं असं झालं. शर्यतीच्या गाडीत हँडल किती उंच, सीट किती मागं आणि फूटरेस्ट कुठं, हे बसणाऱ्याच्या अंगावरून ठरतं. त्यासाठी फ्रेम लोखंडी घोडीवर चढवायची, हँडल आणि फूटरेस्ट नुसते शिकंज्यात धरून ठेवायचे, वर माणूस बसवायचा आणि त्याचं अंग जागेवर येईपर्यंत एकेक वस्तू सरकवत राहायचं. अंग थांबलं की खडूनं खूण करायची आणि माणूस उतरल्यावर वेल्डिंगचा टाका मारायचा. वैजीनाथांनी आधी खुद्द शर्यतवाल्यांनाच बसवून पाहिलं. पण शर्यतवाला घोडीवर चढला की फोटो काढायला बसल्यासारखा बसायचा. छाती पुढं, कोपरं वर, नजर लांब कुठंतरी. वर तोंड बंद ठेवायचा नाही. हे खाली घ्या, ते वर घ्या, अमक्याच्या गाडीचं असं आहे. वैजीनाथ कंटाळले. एका संध्याकाळी दिनकर परभणीहून पॅसेंजरनं आला, डब्याची पिशवी खुंटीला लावली आणि रिकामा उभा राहिला. अंगकाठी शर्यतवाल्यासारखीच, बारकी आणि हलकी.

"चढ रं घोडीवर," वैजीनाथ म्हणाले.

दिनकर चढला आणि बसला. नुसता बसला. काही बोलला नाही, काही सुचवलं नाही, कुठं बघितलं नाही. महारुद्रानं हँडल सरकवलं तसे त्याचे हात सरकले, फूटरेस्ट हलवला तसे पाय हलले. वैजीनाथांनी चौफेर फिरून बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, "ह्योच बरा हाय. पोत्यावानी बसतो. पोतं आपली जागा आपणच धरतं बग."

वडिलांकडून मिळालेलं एवढं एकच प्रशस्तिपत्र. दिनकररावांनी ते मनात चौकट करून लावलं.

तेव्हापासून शेडचा नियम झाला की गिऱ्हाइकाला घोडीवर चढू द्यायचं नाही. गिऱ्हाईक आलं की त्याला दिनकररावांच्या शेजारी उभं करायचं. महारुद्र दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा आणि जाहीर करायचा, "दिनकर अधिक दोन बोटं." किंवा, "दिनकर उणे एक बोट, पण मांडी लांब हाय." मग बसायचे दिनकरराव आणि बोटांचा फरक महारुद्र आपल्या अंदाजानं करायचा. लांबच्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलणं व्हायचं. "तुमी दिनकरपेक्षा उंच हाव का बुटके?" असं महारुद्र विचारायचा आणि पलीकडचा माणूस गोंधळून म्हणायचा, "दिनकर कोण?" पुढं मोबाइल आले तसा दिनकररावांचा शेडच्या खांबाला टेकून उभा असलेला फोटो सगळीकडं जायला लागला. आपला फोटो कोइमतूरपर्यंत गेलाय, हे ते ऑफिसात आडवळणानं सांगत. कशासाठी गेलाय, ते सांगत नसत.

बाकी गाड्यांशी त्यांचा संबंध एवढाच. महारुद्राचा मुलगा भागवत यानं त्यांना झरीच्या रस्त्यावर एकदा शिकवायचा प्रयत्न केला होता. दिनकररावांनी क्लच सोडला आणि गाडी त्यांना घेऊन सरळ तुरीच्या रानात शिरली, ती बाभळीपाशीच थांबली. गाडीला काही झालं नाही. फ्रेम घरचीच होती. दिनकरराव मात्र त्यानंतर स्टेशनपर्यंत चालतच जाऊ लागले आणि चालणं प्रकृतीला चांगलं असतं असं लोकांना सांगू लागले.

आता नोकरी संपत आली होती. ऑफिसात जो तो विचारायचा, "रिटायर झाल्यावर काय करणार, साहेब?" कुणी शेती म्हणायचं, कुणी नातवंडं. दिनकरराव मात्र पाठ जरा मागं रेलून म्हणायचे, "आमचा कारखाना आहे ना. तिथं बसणार पूर्ण वेळ." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं काचेची केबिन यायची. घोडी कुणाच्या डोळ्यांपुढं येत नसे, आणि दिनकररावही ती आणून देत नसत. पण मनातून त्यांना खरंच एवढंच हवं होतं. ऑफिसातली खुर्ची दुसऱ्या दिवशी दुसरा कुणी घेणार होता. शेडमधली त्यांची जागा घेणारा कुणी नव्हता. ज्याच्यावाचून कुणाचं अडतं अशी त्यांची जगातली ती एकच जागा होती.

आणि नेमका त्याच पावसाळ्याच्या शेवटी भारत आला.

भारत बोरीचा. आईबाप शेती करणारे, आणि हा गडी शर्यतीच्या नादानं पुण्याला जाऊन राहिलेला. शेडमधून गेलेली सगळ्यात नावाजलेली गाडी त्याची. पहिल्या फ्रेमवर तो जिंकत होता. काही वर्षांनी नवी घेतली, तिच्यावर अधूनमधून जिंकायचा. यंदा तिसरी घेतली, आणि तिच्यावरून तो पडत होता. टेम्पोत नवी गाडी आणि सरावाला ठेवलेली जुनी पहिली गाडी, अशा दोन्ही घालून तो शेडसमोर उतरला.

"रुद्राकाका, पुढचं चाक जमीन धरंना झालंय," तो म्हणाला. "वळणावर आत घालायला गेलं की सटकायलंय. लय झालं आता, कोपरं सोलून निघाली."

"पाइप बगतो," महारुद्र म्हणाला. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्याला आधी फ्रेमच्या पाइपाचाच संशय यायचा.

"पाइपाला काय धाड भरलीय?" लेथवरून भागवत ओरडला. "शॉकअप बगा त्याचे. तितं गडबड असंल."

इतक्यात दिनकरराव स्टेशनवरून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, घसा खाकरला आणि जाणत्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "भारत, राग मानू नको. पण माणूस नावारूपाला आला की त्याचं लक्ष चार ठिकाणी जातं. मोबाइल किती बघतोस तू?"

"काका, वळणावर मोबाइल कोण बगतंय?"

"वळणावर नाही. एरवी."

भारत बिचारा आपलं सोललेलं कोपर चोळत राहिला. दिनकररावांना वाटलं, बाण बरोबर लागला.

भारतानं मग खरी गोष्ट सांगितली. दिवाळीनंतर मोठी शर्यत होती. तोवर गाडी जमली तर ठीक, नाहीतर त्याला बाहेरची फ्रेम घ्यावी लागणार होती. त्याचे स्पॉन्सर ऐकायला तयार नव्हते. "मला कुटं जायचं न्हाई, काका. पण पडून पडून किती पडू?"

महारुद्राचा चेहरा उतरला. भारत गेला की त्याच्या मागं बाकीचेही जाणार, हे सांगायची गरज नव्हती. "धा दिवस इतंच ऱ्हा बोरीला," तो म्हणाला. "नवी फ्रेम करून देतो. पाइप बदलतो."

पाइप बदलला, शॉकअप बदलले, आणि फ्रेम घोडीवर चढली. महारुद्र म्हणाला, "दिनकर अधिक दोन बोटं. बस, दादा." दिनकरराव बसले. प्रसंग गंभीर आहे हे ओळखून त्यांनी आपली कला पणाला लावली, म्हणजे नेहमीपेक्षाही काही केलं नाही. महारुद्रानं हँडल जरा वर घेतलं, जरा जवळ आणलं, फूटरेस्ट खाली सोडले. दिनकररावांना इतकं बरं वाटलं की त्यांचा तिथंच डोळा लागला.

"श्श," महारुद्र हळूच म्हणाला, "ग्राइंडर बंद करा. बगा कशी अंगाला बसलीय. दादाला झोप लागली."

शर्यतीच्या गाडीवर माणूस झोपतो, यात काही गडबड असावी असं तिथं कुणालाच वाटलं नाही. उलट महारुद्रानं मोठ्या समाधानानं खडूच्या खुणा केल्या.

भारतानं गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या रानात फिरवून आणली. हेल्मेट काढलं, आणि डोकं खाजवत उभा राहिला.

"काय झालं?"

"काका, कसं सांगू... लय आरामाची झालीय. खुर्चीत टीव्ही बगायलोय असं वाटतंय. वळणावर मी मागं ऱ्हायलो आणि चाक पुढं गेलं. आमच्या दोघांची गाठच पडंना."

"आरामाची आहे ना?" दिनकररावांनी विचारलं. "मग तक्रार काय आहे तुझी?"

भारतानं महारुद्राकडं बघितलं. महारुद्रानं पाइपाकडं बघितलं.

याच सुमारास ऑफिसातल्या लोकांनी निरोप समारंभासाठी दिनकररावांना सफारीचं कापड दिलं. शिवायला ते पत्नी राजेश्रीबाईंना घेऊन परभणीतल्या लिंबाजी टेलरकडं गेले. लिंबाजी गिऱ्हाइकाला दुखवत नसे, त्यामुळंच त्याचं दुकान चालत होतं. त्यानं पाठीवरून टेप टाकला, छातीवरून टाकला, परत पाठीवरून टाकला आणि म्हणाला, "मागून जरा जास्ती सोडतो, साहेब. पुढून कमी करतो."

"का?"

"तशीच फॅशन हाय सध्या."

"कसली फॅशन?" राजेश्रीबाई म्हणाल्या. "पाठीला पोक आलंय म्हणून सांगा की सरळ. मी वरीसभर सांगायलेय, माझं कोण ऐकतंय?"

"पोक न्हाई, वैनी. जरासा बाक. खुर्चीवर काम करणाऱ्या माणसाला येतोच." लिंबाजी खाली वाकला. "पँट गुडघ्यात सैल ठेवतो. गुडघा पयल्यासारका दुमडत नसंल ना?"

"कोण म्हणतं?" दिनकरराव म्हणाले. पण तेवढ्यात त्यांची नजर बाजूच्या आरशात गेली. समोरून माणूस स्वतःला रोज बघतो, दाढी करताना. बाजूनं कोण बघतो? आरशात एक बारका गृहस्थ उभा होता. मान पुढं काढलेली, पाठ कमानीसारखी, कोपरं पोटाशी, हात छातीसमोर. तो कुठल्यातरी उंच, जवळ आणलेल्या हँडलला धरून उभा असल्यासारखा दिसत होता. फक्त हँडल तेवढं नव्हतं.

दिनकररावांनी ते हँडल ओळखलं. ते भारताच्या गाडीवर होतं.

परतीच्या गाडीत ते खिडकीला डोकं टेकवून बसले. जन्मभर त्यांनी हिशेब केला होता. यंत्राला घसारा असतो, टेबलाला असतो, भिंतीवरच्या पंख्यालाही असतो, आणि तो वर्षाच्या वर्षाला काढावा लागतो, हे ते नव्या कारकुनांना शिकवत आले होते. शेडमधल्या ज्या एका यंत्रावर सगळं माप अवलंबून होतं, त्याचा घसारा काढायचा तेवढा राहिला होता. पाठ वाकली तसं हँडल वर आलं. गुडघे आखडले तसे फूटरेस्ट खाली गेले. एका फ्रेमला एखादं बोट, दुसऱ्या फ्रेमला आणखी एखादं. महारुद्र त्यांना रोज बघत होता, त्याला दिसायचं कारण नव्हतं. आणि बिचारा भारत, विशीतला धडधाकट गडी, साठीला टेकलेल्या एका हिशेबनिसाच्या कमरेला सोयीच्या गाडीवरून उड्या मारत होता. वर मोबाइल किती बघतोस म्हणून बोलणीही खात होता.

"बरं वाटत न्हाई का?" राजेश्रीबाईंनी विचारलं.

"वाटतंय. तेच तर चुकतंय," ते म्हणाले. राजेश्रीबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

सरळ माणसानं त्याच संध्याकाळी भावाला सांगितलं असतं. पण सांगायचं म्हणजे घोडीवरून उतरायचं, आणि पुन्हा चढायचं नाही. ऑफिसातून उतरायचा दिवस ठरलेलाच होता. दोन्हीकडून एकदमच उतरायला त्यांचं मन धजेना. शेवटी त्यांनी सगळ्यात सोपा वाटणारा आणि सगळ्यात वेडगळ मार्ग काढला. माप बिघडलंय ना, मग माप दुरुस्त करायचं. पाठच सरळ करायची.

ते भिंतीला टाचा आणि डोकं टेकवून उभे राहू लागले. डोकं भिंतीला लागेना, म्हणून मध्ये उशी ठेवू लागले. सकाळी शेड उघडायच्या आधी तिथल्या लोखंडी आढ्याला लोंबकळू लागले. तिसऱ्या की चौथ्या सकाळी राजेश्रीबाईंनी त्यांना तसं लोंबकळताना बघितलं.

"अहो, काय करायलात?"

"व्यायाम."

"उतरा आधी. पडलात तर सत्काराला खुर्चीसकट उचलून न्यावं लागंल."

मग त्यांनी औषधाच्या दुकानातून कमरेचा रुंद पट्टा आणला, पाठीत पट्ट्या घातलेला. तो शर्टाच्या आत आवळला की माणूस खांबासारखा ताठ व्हायचा. श्वास घेता येत नव्हता, पण घोडीवर बसणाऱ्याला श्वासाचं काय काम, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

दिवाळी तोंडावर आली. महारुद्रानं आणखी एक फ्रेम जोडली. ही शेवटची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भारत स्वतः टेम्पो घेऊन येऊन उभा होता. भागवतानं लेथ बंद केला होता. महारुद्राची मुलगी वैष्णवी, डिप्लोमा करून शेडमध्ये ड्रॉइंगचं काम बघणारी, तीही कंपास सोडून आली होती. दिनकरराव चढले. पट्टा आतून करकर वाजला.

"कशाचा आवाज?" वैष्णवी म्हणाली.

"घोडीचा," दिनकरराव म्हणाले.

महारुद्रानं हँडल खाली घेतलं. दिनकरराव ताठ. आणखी पुढं नेलं. दिनकरराव ताठच, फक्त चेहरा लालसर व्हायला लागला.

"दादा, आज अंगात काय आलंय? पोलिसावानी बसलास की."

"म्हणजे बरोबर बसलोय."

"फूटरेस्ट वर घेऊ?"

"घे," दिनकरराव म्हणाले, आणि तो शब्द संपायच्या आत त्यांच्या मांडीत गोळा आला. त्यांनी पाय सोडवायला पाहिलं, तर पट्टा वाकू देईना. हात सोडावेत तर तोल जायचा. ते घोडीवर देवळातल्या मूर्तीसारखे ताठ बसून राहिले आणि मूर्तीच्याच निश्चल चेहऱ्यानं म्हणाले, "रुद्रा, मला उतरव."

महारुद्रानं एका बगलेत हात घातला, भारतानं दुसऱ्या. उचलता उचलता शर्ट वर गेला आणि पट्ट्याचं चिकट टोक चर्र आवाज करत सुटलं. पट्टा लोखंडाच्या किसात पडला. सगळे त्याच्याकडं बघत राहिले.

"काका, हे काय?" वैष्णवीनं विचारलं.

दिनकरराव स्टुलावर बसले. मांडी चोळत, वर न बघता म्हणाले, "रुद्रा, पाइप चांगला आहे. शॉकअप चांगले आहेत. हा पोरगाही चांगला आहे. बिघडलोय तो मी." आणि मग आरशापासून पट्ट्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

आधी भागवताला हसू आवरेना. "काका, वजनमापंवाले येऊन किराणा दुकानाचे किलो तपासून शिक्के मारतेत. तुमच्यावर शिक्का मारायचा ऱ्हाऊनच गेला म्हणायचा."

"गप रं," महारुद्र डाफरला. त्याला हसू आलं नव्हतं. "दादा, उगं कायबी बोलू नगंस. आप्पांनी तुला बसवलंय तितं. तुझ्या अंगावर एवढ्या गाड्या निघाल्या, त्या काय खोट्या होत्या?"

"त्या खऱ्या होत्या. ते अंग राहिलं नाही."

"मला न्हाई पटत."

"मग ती उतरव," दिनकरराव टेम्पोतल्या जुन्या गाडीकडं बोट दाखवून म्हणाले. "भारताची पहिली. ती माझ्यावरच बेतली होतीस ना?"

गाडी उतरवली. स्टँडवर लावली. दिनकरराव आता पट्ट्याशिवाय, आपल्या खऱ्या अंगानं तिच्यावर चढले. हात लांबवले तर बोटांची टोकं तेवढी हँडलला लागली. हँडल धरायला वाकले तर मान वर निघेना. पाय फूटरेस्टवर ठेवले तर गुडघे कोपरांना येऊन भिडले. ज्या गाडीवर भारत जिंकत होता, जी त्यांच्याच हाडामासावर टाकाटाका करून उभी राहिली होती, तिच्यावर ते परक्याच्या घरी पंगतीला बसल्यासारखे अवघडून बसले होते.

महारुद्र खाली उकिडवा बसला. त्यानं भावाच्या पाठीकडं बघितलं, गुडघ्याकडं बघितलं. मग हात फडक्याला पुसत म्हणाला, "मला कसं दिसलं न्हाई रं दादा?"

"तू मला बघत नव्हतास. तू हँडल बघत होतास. आणि मी तर काहीच बघत नव्हतो. तेच तर माझं काम होतं."

आता प्रश्न आला, बसवायचं कुणाला. भारत म्हणाला, "मीच बसतो की." महारुद्रानं मान हलवली. शर्यतवाला नाही, हा आप्पांचा नियम तो मोडणार नव्हता. भागवत उंच होता आणि पोटानं त्याहून मोठा. उरली वैष्णवी. बारकी, हलकी, भारतापेक्षा दोन बोटं कमी.

ती चढली. पण ती बसेना. कधी पुढं झुकायची, कधी कोपरं काढायची. "बाबा, हँडल अजून खाली चालेल. सीट जरा मागं घ्या ना. हा फूटरेस्ट बोचतोय."

"बोलू नगं," महारुद्र वैतागला. "तू बोलायलीस की माझं ध्यान जायलंय."

दिनकरराव स्टुलावरून उठले, लंगडत घोडीपाशी आले. "वैष्णवी, तू गाडी चालवायलीस. चालवू नको. हात नुसते टाक. खांदे सोड. पुढं काय होणार आहे त्याचा विचार करू नको. कुणी काही सरकवलं तर सरकू दे. आपल्याला मत आहे हे विसरून जा."

तिनं खांदे सोडले. जरा वेळानं तिचं अंग खरंच थांबलं. महारुद्रानं खडू उचलला.

"काका," ती ओठ न हलवता म्हणाली, "एवढी वर्षं असं गप्प बसायला जमलं कसं तुम्हाला?"

"ऑफिसात सराव होता," दिनकरराव म्हणाले. या वेळी महारुद्रही हसला.

ती फ्रेम घेऊन भारत रानात गेला आणि धुळीनं माखून परत आला. उतरल्यावर त्याला नीट उभं राहता येईना. "काका, पाठ मोडली माझी. मांड्या भरून आल्या. लय तरास देती ही गाडी." आणि मग दात दाखवत म्हणाला, "पण चाक काय धरतंय!" दिवाळीनंतरच्या शर्यतीत तो तिसरा आला. पहिला आला नाही याचं महारुद्राला वाईट वाटलं, पण पडला नाही याचं सगळ्यांना बरं वाटलं. पुढच्या हंगामाची फ्रेम त्यानं तिथूनच फोन करून सांगितली.

निरोप समारंभ झाला. सफारी छान बसली होती. मागून सोडलेली, पुढून आखडलेली, नव्या फॅशनची. साहेबांनी भाषणात सांगितलं की दिनकरराव आता आपला कारखाना सांभाळणार. टाळ्या वाजल्या. दिनकररावांनी नमस्कार केला आणि बाजूला बसलेल्या राजेश्रीबाईंकडं बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पॅसेंजर पकडायची नव्हती. सवयीनं ते लवकर उठले, आवरलं आणि शेडमध्ये जाऊन उभे राहिले. नवी फ्रेम घोडीवर होती, वैष्णवी वर बसत होती. आता ती चांगली बसायला लागली होती. पोत्यासारखी नाही, पण निदान अर्ध्या पोत्यासारखी. दिनकरराव एका बाजूला उभे राहिले, मग दुसऱ्या बाजूला. तिथून भागवताला वाट हवी होती, म्हणून परत पहिल्या बाजूला. घरात पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला कुठं बसावं ते कळू नये, तसं त्यांना झालं होतं. जावं परत घरात, पेपर वाचावा, असं मनात आलं.

"दादा," महारुद्र हँडलखालून म्हणाला, "रिकामा हायस का?"

"कालपासून."

"मग ह्यो ओळंबा धर. हिच्या खांद्यापाशी. दोरी हलू देऊ नगंस."

दिनकररावांनी ओळंबा घेतला. खाली पितळी लट्टू, वर दोरी. ते वैष्णवीच्या खांद्याशी जाऊन उभे राहिले. दोरी आधी डुलली, मग थांबली. काही न करता उभं राहणं त्यांना जमत होतं, बसण्याइतकंच. महारुद्र एक डोळा मिटून दोरीकडं बघत होता. घोडीच्या या बाजूनं फ्रेम कशी दिसते, हे दिनकरराव पहिल्यांदाच बघत होते.

"दादा, दोरी मागं पडायलीय. जरा सरळ उभा ऱ्हा की."

"रुद्रा," दिनकरराव म्हणाले, "हेच सरळ आहे आता. तू हात कुठं धरायचा तेवढं सांग."

महारुद्रानं दुसराही डोळा उघडला. उठून आला, भावाचं मनगट धरून चार बोटं पुढं नेलं, आणि परत जाऊन बसला. दोरी बरोबर पडली.